वीज आली, मग पदपथ कशासाठी खणला?

प्रश्न : आमच्या भागात विजेची केबल जमिनीखालून गेली आहे. पावसाळ्यात एका रात्री वीज गेली आणि तासाभरात परतही आली. मात्र पुढचे दोन दिवस कर्मचारी पदपथ खणत होते. वीज आलेली असताना ते काय शोधत होते?
– एक वाचक, पुणे

उत्तर : ते बिघडलेली केबल शोधत होते, तुमच्या घरात तोवर दुसऱ्या वाटेने वीज येत होती.

उपकेंद्रातून रोहित्रांकडे जाणारी केबल आपल्याकडे बहुधा ११ किंवा २२ किलोव्होल्टची असते. ५०० किलोवॉट वीज ४१५ व्होल्टवर न्यायची तर सुमारे ७०० अँपिअर प्रवाह लागतो, ११ किलोव्होल्टवर मात्र अवघा २६. एवढा दाब ठेवतात तो यासाठी. ही केबल एका रोहित्राकडून दुसऱ्याकडे फिरत जाऊन शेवटी दुसऱ्या फीडरला, म्हणजे वीज आणणाऱ्या दुसऱ्या मुख्य वाहिनीला भिडते, पण मधल्या एका स्विचपाशी ही जोडणी मुद्दाम तोडून ठेवलेली असते. असे स्विच ज्यात असतात ती रस्त्याकडेची, हटकून जाहिराती डकवलेली लोखंडी पेटी म्हणजे रिंग मेन युनिट. बिघाड झाला की अशा दोन पेट्यांमधला सदोष तुकडा दोन्ही टोकांना वेगळा करतात, तोडून ठेवलेली जोडणी स्विचने जोडतात आणि पलीकडच्या फीडरवरून वीज देतात.

खरे कष्ट त्यानंतरचे. उघड्या तारेवरची फांदी दूर झाली की वाहिनी पूर्ववत चालते. केबलचे इन्सुलेशन एकदा फुटले की ते आपोआप सांधत नाही, आणि केबल तर जवळजवळ मीटरभर खोल, वाळूत, विटा-फरश्यांखाली असते. विद्युत स्पंद पाठवून त्याच्या प्रतिध्वनीवरून अंतर काढता येते. पण केबल पुरताना जागोजागी वळसे ठेवलेले असल्याने कागदावरचे मीटर आणि रस्त्यावरचे मीटर जुळतातच असे नाही. म्हणून केबलमध्ये उच्च दाबाचे ठोके सोडतात आणि वर्दळ थांबल्यावर एक कर्मचारी कानाला हेडफोन लावून, जमिनीवर मायक्रोफोन टेकवत पुढे सरकतो. ‘धप्प’ आवाज जिथे सर्वांत ठळक, तिथे कुदळ पडते.

खड्ड्यावर ताडपत्री ताणून जॉइंटर, म्हणजे केबल सांधणारा कारागीर, केबलची टोके सोलतो, तेव्हा इन्सुलेशनवरचा काळा अर्धवाहक थर खालच्या पांढऱ्या भागाला चरा न पाडता काढावा लागतो. तिथे राहिलेला सुरीचा ओरखडा किंवा ओल काही महिन्यांनी तोच जॉइंट उडवू शकते. त्यामुळे त्याच्या सावकाशीला मी दिरंगाई म्हणणार नाही. मात्र ते दोन दिवस तुमच्या भागाला एकच वाट उरलेली होती. तीही बिघडली असती, तर खड्ड्यातले काम संपेपर्यंत अंधारातच बसावे लागले असते.