ऑफिसने परत बोलावलंय, जाऊ की नको? वाचकांचे प्रश्न आणि माझी उत्तरं

ही प्रश्नोत्तरं कोविडच्या साथीतली आहेत, आणि तेव्हा आलेले जवळपास सगळे प्रश्न एकाच गोष्टीबद्दल होते. मार्च २०२० मध्ये घाईघाईत लॅपटॉप उचलून घरी गेलेल्या लोकांना परत बोलावलं जात होतं, लसी आल्या होत्या हे खरं, पण साथ काही संपली नव्हती. कामाच्या ठिकाणचं आरोग्य हा माझा विषय, म्हणून माझं मत आधीच सांगून टाकते. घर चांगलं की ऑफिस ह्यावर भांडण्यात काही अर्थ नाही. तुमचं काम काय आहे, बसायची खोली कशी आहे आणि तुमच्या घरात कोण आहे, एवढं बघून ज्याचं त्याचं ठरायला हवं, आणि एकच तारीख काढून सगळ्यांना हाकलत आणणं मला अजिबात पटत नाही.

प्रश्न : आमच्याकडे सगळ्यांना बोलावलंय. दारात टेंपरेचर गन आहे, जागोजागी सॅनिटायझर आहे, टेबलांच्या मधे प्लास्टिकची पार्टिशनं लावलीत. खिडक्या उघडत नाहीत, एसी असतो. एवढं पुरेसं आहे का?

नाही. तुम्ही खिडक्यांचं जे जाता जाता लिहिलंत ना, सगळी मेख तिथेच आहे.

टेंपरेचर गन फक्त ताप पकडते. हा व्हायरस लक्षणं दिसायच्या एक-दोन दिवस आधीपासूनच पसरायला लागतो आणि कितीतरी जणांना ताप येतच नाही, म्हणजे ज्याला थांबवायचं तो नेमका गनसमोरून आरामात आत जातो. सॅनिटायझर असू दे, हात धुवावेतच, पण अमेरिकेच्या सीडीसी ह्या सरकारी आरोग्य संस्थेने एप्रिल २०२१ मध्येच सांगितलंय की व्हायरस असलेल्या वस्तूला एकदा हात लागला तर लागण व्हायची शक्यता साधारण १०,००० मध्ये १ पेक्षाही कमी असते. त्यामुळे फायली आणि कीबोर्ड पुसत बसण्यात जेवढा जीव घालताय तो जरा हवेकडे वळवा. पार्टिशन समोरच्याच्या शिंकेचे मोठे थेंब अडवतं, बारीक कण मात्र वरून फिरून पलीकडे जातात, आणि पार्टिशनं जास्त झाली की हवा खेळायचीही बंद होते.

दक्षिण कोरियात सोलमधल्या एका कॉल सेंटरचं उदाहरण मी प्रत्येक ऑफिसात सांगते. मार्च २०२० ची गोष्ट आहे. मोठी इमारत, त्यात ऑफिसं पण होती आणि राहती घरं पण, आणि अकराव्या मजल्यावर हे कॉल सेंटर, २१६ माणसं. त्यातल्या ९४ जणांना लागण झाली आणि ती बहुतेक मजल्याच्या एकाच बाजूला, दाटीवाटीने बसून दिवसभर फोनवर बोलणारी. इमारतीशी संबंध असलेल्या हजाराच्या वर लोकांची टेस्ट केली तर त्या मजल्याच्या बाहेरचे पॉझिटिव्ह निघाले फक्त ३. लिफ्ट सगळ्यांच्या त्याच होत्या बरं का, लॉबी पण तीच. म्हणजे लिफ्टमध्ये मिनिटभर उभं राहण्यापेक्षा एकाच बंद हॉलमध्ये तासन् तास बोलत बसणं किती महागात पडतं ते बघा.

सिगरेटचा धूर डोळ्यांसमोर आणा. खिडकी उघडी असली तर थोड्या वेळात निघून जातो, बंद खोलीत मात्र कोपऱ्यातल्या माणसापर्यंत पोचतो, मग तो सहा फूट लांब बसलेला असो नाहीतर वीस फूट. श्वासातून निघणाऱ्या बारीक कणांचं असंच होतं, फक्त ते दिसत नाहीत. आणि भिंतीवरचा स्प्लिट एसी बाहेरची हवा आत आणतच नाही, आतलीच हवा गार करून फिरवत राहतो, हे खूप जणांना माहीतच नसतं. सेंट्रल एसी असेल तर बाहेरची हवा किती घ्यायची ते सेट करता येतं, पण वीज वाचवायला ते बऱ्याचदा कमी करून ठेवलेलं असतं.

मग ऑफिसला विचारायचं काय? बाहेरची ताजी हवा आत येते का आणि किती, ते विचारा. ॲडमिनवाल्यांना एक कार्बन डायऑक्साइड मीटर आणायला सांगा आणि तो भर दुपारी, सगळे जागेवर असताना टेबलावर ठेवा. मोकळ्या हवेत आकडा ४०० च्या थोडा वर असतो, खोलीत ८०० च्या आत राहिला तर हवा बरी खेळतेय समजा, आणि मीटिंग रूममध्ये अर्ध्या तासात १५०० वर गेला तर तुम्ही एकमेकांनी सोडलेला श्वास परत आत घेताय. खिडकी उघडता येतच नसेल तर हेपा फिल्टरचं, म्हणजे हवेतले बारीक कण अडवणारं मशीन खोलीच्या साइजप्रमाणे घ्यायला सांगा, फक्त एक लक्षात ठेवा, फिल्टर कण काढतो, कार्बन डायऑक्साइड नाही, त्यामुळे मशीन चालू असलं तरी मीटरचा आकडा खाली येणार नाही, म्हणून ते बिघडलंय असं समजू नका. आणि जेवणाची सुट्टी! सगळा दिवस मास्क लावायचा आणि मग एका छोट्या पँट्रीत पंधरा जणांनी मास्क काढून गप्पा मारत जेवायचं, हे तर मी जाईन तिथे बघते. पाळ्या लावा, नाहीतर बाहेर मोकळ्यावर बसा.

हे सगळं विचारल्यावर कोणी "तुम्ही फारच घाबरता बुवा" म्हणालं तर म्हणू दे.

प्रश्न : मिसेसचं किडनी ट्रान्सप्लांट झालंय. माझं काम घरून आरामात होतं, पण मॅनेजर म्हणतात दोन्ही डोस झालेत ना, मग काय प्रॉब्लेम. नोकरी घालवायची नाहीये. काय करू?

तुमचे दोन डोस तुम्हाला गंभीर आजारापासून चांगलं वाचवतात. पण लस घेतलेल्या माणसालाही लागण होऊ शकते आणि तो घरी घेऊन येऊ शकतो. आणि ट्रान्सप्लांट झालेल्यांना नवीन किडनी टिकावी म्हणून प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू असतात, त्यामुळे त्यांच्या शरीरात लसीचा परिणाम बऱ्याचदा कमी होतो, म्हणून तर अशा लोकांना जास्तीचा डोस द्यायची सुरुवात झाली. तो मिसेसना मिळालाय का, त्यांच्या नेफ्रॉलॉजिस्टना, म्हणजे किडनीच्या डॉक्टरांना आजच विचारा.

मॅनेजरशी तोंडी हुज्जत नको, मेल करा. ट्रान्सप्लांटच्या डॉक्टरांकडून दोन ओळींचं पत्र घ्या, घरात इम्युनिटी दाबलेला पेशंट आहे आणि घरच्यांनी गर्दीतला संपर्क टाळावा एवढं त्यात पुरे, सगळी फाइल पाठवायची गरज नाही. आणि मेलमध्ये "मला यायला जमणार नाही" एवढंच लिहून थांबू नका, असं काहीतरी लिहा : "माझी अमुक तमुक कामं मी गेले इतके महिने घरून वेळेत दिली आहेत. पुढचे तीन महिने मला घरून काम करू द्यावं, त्यानंतर परिस्थिती बघून आपण पुन्हा बोलू. प्रत्यक्ष यावंच लागेल अशा कामासाठी मी गर्दी नसलेल्या वेळी येईन." मुदत घातली की समोरच्याला हो म्हणणं सोपं जातं. मॅनेजरना विचारून एचआरलाही कॉपीत ठेवा.

आणि जावंच लागलं तर कापडी मास्क नाही, एन९५, आणि तो गालाला घट्ट बसला पाहिजे, दाढी असेल तर कडेने हवा आत येते. डबा एकट्याने खा. मला माहितीये हे सगळं करताना माणूस एकटा पडतो, ऑफिसात लोक बघतात, पण तुम्ही तुमच्या बायकोला जपताय, ह्यात ओशाळण्यासारखं काहीच नाही.

प्रश्न : मी टीम लीड आहे. वरून प्रेशर आहे की घरी लोक कामं करत नाहीत. स्क्रीनवर नजर ठेवणारं सॉफ्टवेअर टाकावं का?

नका टाकू. माऊस हलतोय म्हणजे काम होतंय असं नसतं, आणि माणसं मग माऊस हलवायच्या युक्त्या शोधतात.

ह्यावर साथीच्या आधीच चांगला अभ्यास झालाय. स्टॅनफोर्डचे अर्थतज्ज्ञ निकोलस ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चीनच्या सीट्रिप ह्या ट्रॅव्हल कंपनीत नऊ महिने प्रयोग केला, ज्या कॉल सेंटरवाल्यांना घरून काम करायचं होतं त्यांच्यात लॉटरी काढली, अर्धे घरी, अर्धे ऑफिसात. घरून काम करणाऱ्यांचं काम १३ टक्क्यांनी वाढलं, त्यातला मोठा वाटा ब्रेक आणि आजारपणाच्या रजा कमी झाल्याचा होता, नोकरी सोडण्याचं प्रमाणही निम्म्यावर आलं. पण पुढचं कोणी सांगत नाही. प्रयोग संपल्यावर घरी बसलेल्यांपैकी जवळपास निम्मे स्वतःहून ऑफिसला परत आले कारण एकटं वाटत होतं. आणि तेवढंच काम करूनही घरून करणाऱ्यांना प्रमोशन मिळण्याची शक्यता कमी होती, बॉसच्या नजरेसमोर नव्हते ना!

तुम्ही लीड आहात तर ही शेवटची गोष्ट तुमच्या हातात आहे. दर सोमवारी प्रत्येकाने आठवड्यात काय पुरं करायचं ते लिहून घ्या आणि शुक्रवारी तेच बघा. कोणी मागे पडत असेल तर आधी फोन करून विचारा घरी सगळं ठीक आहे ना, साथीच्या दीड-दोन वर्षांत कितीतरी लोकांनी घरातलं माणूस गमावलंय आणि टीममध्ये कोणाला सांगितलेलंही नाही. आणि रात्री दहाचे मेसेज बंद करा. फ्रान्समध्ये तर कामाच्या वेळेनंतर मेल-फोनपासून लांब राहण्याचा हक्क २०१७ पासून कायद्यात आहे. आपण कायद्याची वाट कशाला बघायची?

प्रश्न : सगळे घरून काम हवं म्हणतात, मला मात्र ऑफिसला जायचंय. दोन मुलं, सासू-सासरे, एकच टेबल. मीटिंग चालू असताना माझ्याच हातातलं काम कोणीही काढून घेतं आणि दुसरं काम देतं. असं वाटणं चूक आहे का?

अजिबात नाही, उलट बरं झालं तुम्ही लिहिलंत. घरून काम ही सोय आहे असं आपण धरून चालतो, पण ज्यांना दार बंद करता येणारी खोली आहे त्यांच्यासाठी ती सोय, बाकीच्यांसाठी दोन ड्युट्या एकाच जागी. बायकांच्या बाबतीत तर घरात आहे म्हणजे मोकळीच आहे असा अख्ख्या घराचा समज असतो, लॅपटॉप उघडा असला तरी. नवऱ्याच्या मीटिंगला घर चिडीचूप होतं आणि तुमच्या मीटिंगला मूल मांडीवर, हे मी इतक्या जणींकडून ऐकलंय की मला आता राग येतो.

तुमचं ऑफिस हवेच्या बाबतीत बरं असेल आणि सासू-सासऱ्यांचे डोस झाले असतील तर आठवड्यातले काही दिवस जरूर मागा, मास्क लावून जा, ताज्या हवेच्या जागी बसा. ऑफिसला जायची इच्छा ही कामाची गरज म्हणून सांगा, माफी मागितल्यासारखी नको. घरी असाल त्या दिवसांसाठी नवऱ्याशी बसून वेळा ठरवा, कुठल्या दोन-तीन तासांत मुलं पूर्णपणे त्यांच्याकडे, ते कागदावर लिहून भिंतीला लावा. तोंडी ठरलेलं दुपारपर्यंत विरतं.

प्रश्न : हायब्रिड, म्हणजे काही दिवस घरून, काही दिवस ऑफिसातून, सुरू झालंय. पण ऑफिसला जाऊनही सगळे हेडफोन लावून व्हिडिओ कॉलवरच असतात, मग प्रवास कशासाठी?

बरोबर आहे तुमचं, असं हायब्रिड म्हणजे दोन्हीकडचा त्रास. एका टीमचा दिवस एकच ठेवा आणि वेगवेगळ्या टीमचे दिवस वेगवेगळे, मग मजल्यावर गर्दीही कमी राहते. त्या दिवशी फक्त समोरासमोर होणारी कामं करा, नवीन माणसाला शिकवणं, अडकलेला विषय सोडवणं, नाजूक बोलणं. रिपोर्ट लिहिणं घरी. व्हिडिओ कॉलने येणारा थकवाही खराच आहे बरं का, स्टॅनफोर्डच्या जेरेमी बेलेन्सन यांनी २०२१ मध्ये त्याची कारणं मांडलीत : सगळ्यांचे चेहरे सतत जवळून अंगावर येणं, स्वतःचा चेहरा दिवसभर बघणं, जागचं हलता न येणं, आणि समोरच्याला समजतंय का हे ओळखायला जास्त डोकं लागणं. कॉलमध्ये स्वतःचा चेहरा दाखवणारी स्क्रीनवरची चौकट बंद करा, आणि जिथे फोनवर भागतं तिथे फोनच करा, चालत चालत.

प्रश्न : बेडवर बसून काम करून मान आणि पाठ गेलीये. नवीन खुर्ची घ्यावी का?

आधी लॅपटॉपचं बघा. स्क्रीन आणि कीबोर्ड एकमेकांना चिकटलेले असतात तोवर मान किंवा खांदे, एकाला त्रास होणारच. जाड पुस्तकं रचून स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या रेषेत आणा आणि वेगळा कीबोर्ड-माऊस घ्या, कोपर साधारण काटकोनात राहिलं पाहिजे. पाय जमिनीला टेकत नसतील तर खाली खोकं ठेवा. साधी डायनिंगची खुर्ची चालेल, कमरेच्या खळगीत टॉवेलची गुंडाळी ठेवा. पण कितीही चांगलं बसलात तरी अर्ध्या तासाने उठायचंच. हाताला मुंग्या येत असतील किंवा पकड सैल झाली असेल तर मात्र हे प्रयोग करत बसू नका, डॉक्टरांना दाखवा.

प्रश्न : सकाळपासून घसा थोडा खवखवतोय, रॅपिड टेस्ट निगेटिव्ह आलीये. उद्या महत्त्वाची मीटिंग आहे, जाऊ का?

नका जाऊ. लक्षणांच्या पहिल्या दिवशी रॅपिड टेस्ट निगेटिव्ह येऊन एक-दोन दिवसांनी पॉझिटिव्ह येणं नेहमीचं आहे. परवा परत करा किंवा सरळ आरटीपीसीआर करा. तोवर घरातही मास्क लावा आणि वेगळ्या खोलीत झोपा. उद्याची मीटिंग बरं वाटत असेल तर घरून करा, आणि बरं वाटत नसेल तर रजा टाका, घरी आहात म्हणून आजारपणातही लॅपटॉप उघडलाच पाहिजे असं काही नाही.