उशीखालची पावती

पत्र थोडक्यात असं: मुलगी 23 वर्षांची, एम. एस. युनिव्हर्सिटीची बी.कॉम. वर्षभरापासून अलकापुरीतल्या एका छोट्या कंपनीत दुकानांच्या जाहिरातीचे ई-मेल बनवते. पगार 16 हजार. मेलमधल्या एका गोल बटणासाठी रात्री एक-एक वाजेपर्यंत जागते. वडील बँकेतून निवृत्त. तिला न सांगता बँकेच्या परीक्षेच्या क्लासची फी भरली आणि पावती तिच्या उशीखाली ठेवली. चार दिवस झाले, मुलगी घरात बोलत नाही. त्याआधी मालकाने कुठूनसे 40 हजार ई-मेल पत्ते विकत आणून एकदम मेल पाठवायला लावले, तेव्हापासूनच तिचा चेहरा उतरला होता. पाहुणे विचारतात, मुलगी काय करते? काय सांगावं? तिला समजवावं कसं? (एक आई, दांडिया बाजार, बडोदा)

ताई,

तुमच्या दोन पानांत पाहुणे सात वेळा येऊन गेले. लेकीचं म्हणणं काय, ते एकदाही आलं नाही. मी शोधलं, म्हणून सांगते.

आणि ती पावती. पुढचं सगळं वाचतानाही माझं लक्ष तिथेच घुटमळत होतं. स्वतः कमावणारी मुलगी दमून अंथरुणावर पडते आणि उशीखाली हाताला आईवडिलांचा निकाल लागतो. याहून समोरासमोर बसून कडाक्याचं भांडण केलं असतंत तर बरं होतं. भांडणात निदान तिला तोंड उघडायला मिळालं असतं. ‘तिच्या भल्यासाठीच केलं’ असं लिहिलंय तुम्ही. असेलही. मग भल्याची गोष्ट लपवून का ठेवावी लागली? उत्तर मला नको, तुमच्या साहेबांना विचारा.

बँकेचं वेड मी समजू शकते. ज्या गावात 1908 साली खुद्द सयाजीराव महाराजांनी बँक काढली, तिथे ते असणारच. आयबीपीएसच्या, म्हणजे बँकभरतीच्या परीक्षेत क्लार्कला वयाची अट 28 पर्यंत, पीओला म्हणजे अधिकाऱ्याला 30 पर्यंत. तिला स्वतःहून वाटलं तर अजून वर्षं आहेत. परीक्षेचा विषय माझ्यापुरता इथे संपला.

आता साहेबांचं ते वाक्य, ‘बटण दाबलं की मेल जातो, त्यात शिकायचं काय?’ जातो, पण पोचतो का? समोरचा सर्व्हर मेल घेतो, ‘मिळाला’ असं कळवतो आणि मुकाट स्पॅममध्ये टाकून देतो. इकडे पडद्यावर ‘डिलिव्हर्ड’ बघून मालक खूश. तसं होऊ नये म्हणून काय लागतं, ते साहेबांच्या भाषेत सांगते. खातेदाराच्या वतीने व्यवहार कोण करू शकतं, याची यादी बँकेत असते ना? तशी आपल्या नावाने मेल पाठवायची मुभा कोणकोणत्या सर्व्हरना आहे, याची यादी दुकानाला आपल्या डोमेनच्या, म्हणजे इंटरनेटवरच्या नावाच्या, डीएनएसमध्ये लावावी लागते; डीएनएस म्हणजे सगळ्यांना बघता येणारी त्या नावाची नोंदवही. ती एसपीएफ. नमुना सहीसारखी एक किल्लीही तिथेच ठेवलेली असते आणि प्रत्येक मेलवरची सही तिच्याशी ताडून बघतात. ती डीकेआयएम. यातलं काहीच ‘प्रेषक’ म्हणून दिसणाऱ्या डोमेनशी जुळलं नाही, तर मेल घ्यायचा, बाजूला ठेवायचा की परत धाडायचा, याची सूचना म्हणजे डीमार्क. जीमेलच्या पत्त्यांवर दिवसाला 5000 च्या वर मेल पाठवणाऱ्यांना 2024 पासून ही तिन्ही सक्तीची आहेत. शिवाय एका क्लिकमध्ये यादीतून नाव काढता आलं पाहिजे, आणि ‘स्पॅम’ म्हणून तक्रार करणारे हजारात तीनच्या आत राहिले पाहिजेत. हजारात तीन! पस्तीस वर्षं चेकवरच्या सह्या ताडणाऱ्या माणसाने या कामाला ‘बटण’ म्हणावं, याची मला गंमत वाटली.

त्या गोल बटणाचंही ऐका, कारण मला पोरगी तिथेच आवडली. विंडोजवरचं जुन्या धाटणीचं आउटलूक 2007 पासून मेल दाखवायला वर्डचं इंजिन वापरतं आणि त्याला गोल कोपरे कळत नाहीत. फोनवर सुबक दिसणारं बटण तिथे चौकोनी ठोकळा होतं, म्हणून पंचवीस वर्षांपूर्वीच्या वेबसाइटसारखी टेबलात टेबल बसवत मांडणी करावी लागते. बरं, जीमेल 102 केबीच्या पुढचा मेल कापतं, आणि गुजराती काय, मराठी काय, आपलं एकेक अक्षर इंग्रजी अक्षराच्या तिप्पट जागा खातं. म्हणजे गुजराती ग्राहकाला गुजरातीत लिहायचं तर कोड आणखी आटोपशीर हवा. हे सगळं तिला कोणी शिकवलं? मला तर वाटतं, रात्री एक वाजेपर्यंत बसून तिचं तिनेच शोधलं.

तुमच्या पत्रातली खरी काळजीची ओळ तुम्ही ओझरती लिहून गेलात: ते 40 हजार पत्ते. विकत आणलेल्या यादीत कितीतरी पत्ते बंद पडलेले असतात, काही तर स्पॅमवाले पकडायला मुद्दाम पेरलेले असतात, आणि उरलेल्यांपैकी कोणी दुकानाला ‘मला मेल पाठवा’ म्हटलेलं नसतं. मेल परत येतात, तक्रारी होतात, डोमेनची पत जाते. मग खऱ्या गिऱ्हाइकाच्या ऑर्डरची पावतीही स्पॅममध्ये पडायला लागते. तिचा चेहरा उतरला, कारण काय होणार हे तिला ठाऊक होतं. मालकाने तिला न विचारता तिच्या हातून हे करून घेतलं, आणि त्याच आठवड्यात घरातही न विचारताच एक गोष्ट झाली. कुणाशी बोलणार ती?

तेव्हा माझा सल्ला परीक्षेचा नाही आणि कोर्सचाही नाही. तिला ही कंपनी सोडू द्या. हे क्षेत्र नव्हे, कंपनी. सुरुवातीचा पगार दुसरीकडेही फार मोठा नसेल, हे आधीच सांगून ठेवते; नुसती सुंदर चित्रं चिकटवणाऱ्यांना तर पुढे दिवस कठीणच आहेत, तेवढं काम आता यंत्रही करतं. तिने स्वतःच्या नावाचं एक डोमेन घ्यावं, वर्षाला काही शेकडा रुपयांचं काम आहे. त्यावर ती तिन्ही नोंदी स्वतःच्या हाताने लावाव्यात, आपल्या मेलबद्दल जीमेलचं मत दाखवणारं गूगलचं पोस्टमास्टर टूल्स फुकट आहे ते वाचायला शिकावं, आणि ओळखीच्या एखाद्या दुकानाची परवानगीने जमवलेली छोटी यादी सहा महिने सांभाळून दाखवावी. दोनशे पत्ते असले तरी चालतील. मुलाखतीत पुढ्यात ठेवायला एवढं पुरेल. आणि नवीन ठिकाणी गेल्यावर तिने पहिला प्रश्न विचारावा, ‘तुमची यादी कुठून येते?’ उत्तर देताना समोरचा चुळबुळला, तर उठून यावं.

पाहुण्यांना सांगा, ‘ई-मेल मार्केटिंग करते.’ पुढे कोणी खोदून विचारलं, तर तिलाच बोलवा. लीलो चिवडा संपेपर्यंत ती आउटलूकचं ऐकवेल. जो मुलगा शेवटपर्यंत ऐकेल, त्याचा विचार करा.

क्लासची बॅच 15 तारखेला सुरू होतेय असं लिहिलंय तुम्ही. त्याआधी साहेबांना तिथे पाठवा आणि फी परत मागू द्या. देतील, न देतील. पावती मात्र आज रात्रीच उशीखालून काढा, आणि ती घरी असताना काढा.