गुदस्ता म्हणजे नेमकं कधी?

पुण्याच्या एका ताईंचा प्रश्न आलाय. कोल्हापूरची आजी जुन्या आठवणी सांगते, त्या ताई वहीत उतरवून घेतात. आजी सारखं 'गुदस्ता' म्हणते. ताई तिथं 'गेल्या वर्षी' लिहितात आणि मग सालाचा मेळ बसत नाही. त्यात भावाचं म्हणणं, हा खेडवळ अपभ्रंश आहे, काढून टाक.

काढू नका. आधी भावाचा समज दूर करू. 'गुदस्ता' हा फारसी 'गुज़श्ता', म्हणजे सरलेला. मराठी दप्तरात चालू सालाला 'साल मजकूर' आणि सरल्या सालाला 'साल गुदस्त' लिहायची रीत होती. मोडी कागद चाळणाऱ्यांना ही जोडी ओळखीची आहे. शेतसाऱ्याच्या कागदांतून ती गावागावांत गेली असणार. म्हणजे भावाला जो खेडवळ वाटतो, तो मुळात कारकुनी शब्द आहे. मातीतला म्हणायचा तर उलट 'गेल्या वर्षी'!

'ज़'चा 'द' झाला म्हणून अपभ्रंश म्हणावं, तर कागदाचं काय करायचं? फारसीत 'गुज़श्ता' आणि 'काग़ज़' या दोन्हींत एकच अक्षर आहे. उर्दूत त्याचा उच्चार 'ज़' होतो, आपल्याकडं 'द'. आपल्याकडं तर दोन्ही उच्चार नांदतात: माणूस गुजरतो आणि प्रसंग गुदरतो. धातू एकच. 'प्रसंग गुदरला' हे अग्रलेखात चालतं, मग आजीच्या तोंडचं 'गुदस्ता' का खुपावं?

आता सालाचं. कोशात बघाल तर अर्थ सरळ आहे, गेलं वर्ष. पण बोलताना वर्ष कुठून मोजायचं? कॅलेंडर जानेवारीत पालटतं, पाडवा चैत्रात येतो, आणि दप्तरात जो सुहूर सन चालायचा तो मृग लागला की बदलायचा. आमच्याकडच्या शेतकरी घरांत अजून मनातलं वर्ष पावसावर नाहीतर उसावर फिरतं. म्हणून फेब्रुवारीत कुणी 'गुदस्ता' म्हणालं, तर ते मागचा गळीत हंगाम सांगत असतं, मागचा डिसेंबर नव्हे. तो तर त्यांच्या लेखी औंदाच, म्हणजे यंदाचाच.

आमची आत्ती या हिशेबात पक्की. बांधावर उभी राहून म्हणायची, "गुदस्ता तुझं लगीन ठरलं तवा ह्यो लागणीला हुता की रं." माझ्या लग्नाला तेव्हा बरीच वर्षं लोटलेली. मी हसलो की ती बोटांवर मोजून दाखवायची: लागण (नव्यानं लावलेला ऊस), मग खोडवा (तोडल्यावर त्याच बुडख्यांना फुटलेला), मग निडवा (खोडव्यानंतर पुन्हा फुटलेला), मग ऊस काढून भुईमूग, पुन्हा लागण. त्यात आडसाली लागण असली की दीड वर्ष तिथंच जातं. तिच्या पिकांची साखळी कधी चुकली नाही; 'गुदस्ता' तेवढा ऐसपैस व्हायचा. माझ्या मते यात विसरभोळेपणा नाही. आपण नाही का 'परवा भेटलो होतो' म्हणतो आणि त्या परव्याला सहा महिने झालेले असतात? जवळचं, अजून ओलं असलेलं ते परवा. तसं ज्याचं सुखदुःख अजून ताजं आहे, ते गुदस्ता. आत्तीचे मालक वारले तेही तिच्या बोलण्यात कायम गुदस्ताच राहिलं, आणि ते दुरुस्त करायला घरातलं कुणी गेलं नाही.

त्या पिढीला आकड्यातलं साल फारसं कामालाच पडलं नाही. कित्येकांच्या दाखल्यावर जन्मतारीख १ जून, कारण शाळेत नाव घालताना मास्तरांनी ती टाकली. खरी खूण वेगळीच: संस्थान विलीन झालं तवा (ते १ मार्च १९४९), कोयनेचा भूकंप झाला त्या पहाटे (११ डिसेंबर १९६७), बहात्तरच्या दुष्काळात थोरली पाळण्यात होती. पुढच्यांच्या खुणा पुराच्या: २००५, २०१९, २०२१. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर ४३ फुटांना धोका पातळी, हे कोल्हापुरात पोरासोरांनाही पाठ असतं.

म्हणून ताई, आजीला 'कुठल्या साली?' असं विचारूच नका. ती अंदाजानं काहीतरी सांगेल आणि वहीत तेच पक्कं होऊन बसेल. 'तवा पाणी कुठवर आलतं?', 'जोतिबाच्या यात्रेच्या आधी का मागनं?', 'शेतात काय हुतं?', 'धाकटा चालत हुता का रांगत?' असं विचारा. दोन-तीन खुणा जुळल्या की साल आपोआप निघतं. मजकुरात 'गुदस्ता' तसाच ठेवा, शेजारी कंसात निघालेलं साल घाला. 'औंदा'चं 'यंदा' करायचीही गरज नाही.

राहिला 'परसाल'. फारसीत 'पारसाल' म्हणजे गेलं वर्षच. पण आपल्या कानाला त्यात 'परवा'तला 'पर' ऐकू येतो, म्हणून पुष्कळ घरांत तो एक साल मागं सरकलाय: औंदा, गुदस्ता, परसाल. काही घरांत मात्र गुदस्ता आणि परसाल एकच. तुमच्या घरात कसं आहे, ते आजीलाच एकदा विचारून वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.