कनेक्ट तर होतंय, पण पायथॉनमधून टाकलेली ऑर्डर ब्रोकरकडे जातच नाही. काय चुकत असेल?

तुमचं म्हणणं असं की इंटरॅक्टिव्ह ब्रोकर्सची ऑफिशियल पायथॉन लायब्ररी टाकली, कनेक्टला कॉल केला, एरर काही आला नाही, त्याच्याच खालच्या ओळीत ऑर्डर टाकलीये पण ती कुठेच दिसत नाही, आणि वर युजरनेम पासवर्ड कोडमध्ये कुठे द्यायचा तेही सापडत नाहीये. पासवर्डचं आधी सांगतो, ते कळलं की बाकीचं अर्धं आपोआप सुटतं.

पासवर्ड कुठेच द्यायचा नसतो. ही लायब्ररी ब्रोकरच्या सर्व्हरशी बोलतच नाही मुळात, ती बोलते तुमच्या मशीनवर चालू असलेल्या टीडब्ल्यूएसशी (ब्रोकरचा ट्रेडिंगचा प्रोग्राम) किंवा आयबी गेटवेशी (त्याचीच फक्त जोडणीपुरती हलकी आवृत्ती), साध्या सॉकेटवरून, म्हणजे दोन प्रोग्राममधल्या थेट जोडणीवरून. लॉगिन, मोबाईलवरचं टू-फॅक्टर वगैरे सगळं त्या प्रोग्रामच्या खिडकीत तुम्ही हाताने करायचं, मग पुढे तो प्रोग्राम ब्रोकरशी बोलतो. तो बंद असेल किंवा पोर्ट, म्हणजे त्याच्याशी जोडायचा नंबर, चुकला असेल तर ५०२ नंबरचा एरर येतो. पोर्ट डीफॉल्टला असे असतात: टीडब्ल्यूएस लाइव्ह (खऱ्या पैशांचं अकाउंट) ७४९६, पेपर (खोट्या पैशांचं, सरावाचं) ७४९७, गेटवे लाइव्ह ४००१, पेपर ४००२. इंटरनेटवरून उचललेल्या निम्म्या उदाहरणांत ७४९७ असतो आणि माणूस गेटवे उघडून बसलेला असतो, मग डोकं धरतो.

टीडब्ल्यूएस वापरत असाल तर ग्लोबल कॉन्फिगरेशनमध्ये एपीआयच्या (बाहेरच्या प्रोग्रामसाठीच्या जोडणीच्या) सेटिंग्जमध्ये सॉकेट क्लायंट्स एनेबल करायची टिक लावा. तिथेच रीड-ओन्ली एपीआय अशी एक टिक आधीपासून लागलेली असते, ती काढा, नाहीतर डेटा व्यवस्थित येत राहतो आणि ऑर्डर मात्र ३२१ एरर देऊन परत येते.

आता तुमची खरी अडचण. कनेक्ट हा कॉल परत आला म्हणजे सॉकेट उघडला, बस. पलीकडचा प्रोग्राम तुमचं ऐकायला तयार झालाय हे नेक्स्टव्हॅलिडआयडी हा कॉलबॅक (मेसेज आला की लायब्ररी स्वतः बोलावते ते तुमचं फंक्शन) आला की समजायचं, त्याच्याआधी जे काही पाठवाल ते टीडब्ल्यूएस गुपचूप टाकून देऊ शकतं आणि त्याचा एररही येत नाही. तुमची ऑर्डर बहुतेक तिथेच गेली. आणि हा कॉलबॅक येण्यासाठी लायब्ररीचं रन हे फंक्शन चालू असायला हवं, कारण आलेले मेसेज रांगेतून काढून तुमच्या फंक्शनपर्यंत पोचवायचं काम तेच करतं. पण रन स्वतः ब्लॉक करतं, म्हणजे ते मेन थ्रेडमध्ये लावलं की त्याच्या खालचा कोड कधी चालतच नाही. म्हणून रन वेगळ्या थ्रेडमध्ये, म्हणजे मुख्य कोडच्या बाजूने चालणाऱ्या वेगळ्या धाग्यात, टाका, एक थ्रेडिंगचा इव्हेंट बनवा, नेक्स्टव्हॅलिडआयडीमध्ये तो सेट करा आणि मेन थ्रेडमध्ये त्याची वाट बघा, टाइमआउट देऊन. बरेच जण तिथे तीन सेकंदांचा स्लीप टाकून मोकळे होतात, चालतं पण ज्या दिवशी मशीन किंवा लाइन स्लो असेल त्या दिवशी परत हाच प्रश्न विचारायला याल.

नेक्स्टव्हॅलिडआयडीमध्ये जो नंबर येतो तोच पहिल्या ऑर्डरला वापरायचा आणि पुढे स्वतः एकेकाने वाढवत जायचं. वापरलेला नंबर परत दिलात तर १०३ एरर. क्लायंट आयडी हे वेगळं प्रकरण आहे, तो तुमच्या प्रोग्रामचा नंबर, दोन स्क्रिप्टना एकच दिला तर दुसरी ३२६ देऊन बाहेर. तो दर वेळी रँडम काढू नका, कारण उद्या त्याच ऑर्डरमध्ये बदल करायचा असेल तर त्याच क्लायंट आयडीने यावं लागतं.

सुरुवातीला २१०४, २१०६, २१५८ असे नंबर एरर म्हणून छापले जातील, घाबरू नका, डेटा फार्मशी (भाव वगैरे पुरवणाऱ्या ब्रोकरच्या सर्व्हरशी) कनेक्शन ठीक आहे एवढंच ते सांगतायत. एरर नावाच्या फंक्शनमध्ये सगळं ठीक आहे ही बातमी पाठवायची कल्पना कुणाला सुचली देव जाणे. उलट ११०० दिसला तर थांबा, ब्रोकरच्या सर्व्हरशी संपर्क तुटलाय. ११०२ म्हणजे परत जोडला आणि डेटाची सबस्क्रिप्शन शाबूत आहेत, ११०१ म्हणजे जोडला पण सबस्क्रिप्शन गेली, ती परत मागा.

या तुटण्या-जोडण्यात मी स्वतः एकदा आपटलोय, नशीब पेपर अकाउंट होतं. ऑर्डर पाठवली, तेवढ्यात माझं नेट गेलं, दहा सेकंदात स्टेटस आलं नाही म्हणून माझ्या कोडने नवा नंबर घेऊन तीच ऑर्डर परत टाकली, नेट आलं आणि बघतो तर दोन्ही भरलेल्या, पोझिशन दुप्पट. चूक पूर्ण माझी, कारण प्लेसऑर्डर हा कॉल काही परत देत नाही, तो फक्त पाठवतो, आणि उत्तर आलं नाही याचा अर्थ ऑर्डर गेली नाही असा मी धरून चाललो होतो. आता मी परत जोडलं गेलं की काहीही पाठवायच्या आधी चालू ऑर्डर, आजचे एक्झिक्युशन आणि पोझिशन असं तिन्ही ब्रोकरकडूनच मागवतो, माझ्या व्हेरिएबलमध्ये काय लिहिलंय त्याला त्या वेळी शून्य किंमत. प्रत्येक ऑर्डरला ऑर्डररेफ या रकान्यात स्वतःची खूण पण देतो म्हणजे ही माझीच का ते लगेच कळतं. आणि ऑर्डरस्टेटस या कॉलबॅकवर एकट्यावर भरवसा ठेवू नका, तो कधी दोनदा येतो, कधी मार्केट ऑर्डर पटकन भरली तर मधले टप्पे येतच नाहीत. भरली की नाही ते एक्झेकडिटेल्स या प्रत्यक्ष सौद्याची माहिती देणाऱ्या कॉलबॅकवरून ठरवा.

लायब्ररी कुठून घेतली तेही बघा. पिपने (पायथॉनच्या इन्स्टॉलरने) जी आयबीएपीआय, म्हणजे हीच ऑफिशियल लायब्ररी, येते ती बराच काळ ९.८१ वर अडकलेली जुनी आहे, नवीन ब्रोकरच्या साइटवरून डाउनलोड करावी लागते. जुन्या लायब्ररीने ऑर्डर टाकली की ईट्रेडओन्ली सपोर्टेड नाही असा १०२६८ एरर येतो, त्यावर तात्पुरता उपाय म्हणजे ऑर्डरमधले ईट्रेडओन्ली आणि फर्मकोटओन्ली हे जुने पर्याय दोन्ही फॉल्स करणे.

थ्रेडचा हा सगळा खटाटोप नको असेल तर आयबी-एसिंक ही दुसरी लायब्ररी वापरा. ही आधीच्या आयबी-इनसिंकची पुढची आवृत्ती, मूळ लेखकाचं २०२४ मध्ये निधन झाल्यावर बाकीच्यांनी चालू ठेवलेली. तिच्यात कनेक्ट स्वतःच तयार होईपर्यंत थांबतं, त्यामुळे तुमचा हा प्रश्न तिथे आलाच नसता. फक्त पायथॉनचा नेहमीचा स्लीप त्यात वापरू नका, त्याने आतला इव्हेंट लूपच गोठतो, लायब्ररीचा स्वतःचा स्लीप आहे तो घ्या. माझं मत विचाराल तर एकदा तरी ऑफिशियल लायब्ररीने पूर्ण चक्कर मारून बघा आणि मग इकडे या, कारण काही बिघडलं की आत काय चाललंय ते माहीत असावं लागतं.

लाइव्ह आणि पेपरची गल्लत टाळायला माझी एक सोपी युक्ती, पोर्टवर विश्वास ठेवायचा नाही कारण तो सेटिंगमध्ये कुणीही बदलू शकतं. कनेक्ट झाल्यावर मॅनेज्डअकाउंट्स या कॉलबॅकमध्ये अकाउंट नंबर येतो, पेपरचा डीयूने सुरू होतो. टेस्टिंगच्या कोडमध्ये तो डीयूने सुरू होत नसेल तर प्रोग्राम तिथल्या तिथे बंद करायचा.

आता एवढं करा, रन थ्रेडमध्ये टाका, नेक्स्टव्हॅलिडआयडी आणि एरर या दोन्हीत एकेक प्रिंट लावा आणि ऑर्डरची ओळ सध्या काढून टाकून चालवा. नंबर छापला गेला तर ऑर्डर परत लावा. नाहीच छापला तर जे काही एरर नंबर दिसतील ते इथे टाका, सोबत टीडब्ल्यूएस आहे की गेटवे आणि पोर्ट कुठला तेही लिहा, मग बघू.