थिजलेली बरणी: खोबरेल केसांना किती, फोडणीला किती आणि औषध म्हणून किती

नोव्हेंबर लागला की टोरांटोपासून एडिनबरापर्यंत आपल्या घरांतली खोबरेलाची बरणी पांढरीशुभ्र थिजून बसते. ते तेल बिघडलेलं नसतं. खोबरेल साधारण २४ अंश सेल्सिअसला वितळतं आणि त्याखाली थिजतं. हळूहळू थिजलं तर दाणे धरतं, पटकन थिजलं तर मऊ राहतं. दोन्ही सारखंच चांगलं. अरुंद तोंडाची बाटली मात्र थंड देशात कामाची नाही. उन्हाळ्यात तेल पातळ असतानाच ते रुंद तोंडाच्या काचेच्या बरणीत ओतून ठेवा आणि लागेल तेवढं कोरड्या चमच्याने खरवडून घ्या. पातळ हवं असेल तर वाटीत काढून ती वाटी गरम पाण्यात पाच मिनिटं ठेवावी. प्लॅस्टिकची बाटली मायक्रोवेव्हमध्ये घालू नये.

आता मुख्य प्रश्न. हेच तेल इथल्या सुपरमार्केटात ‘सुपरफूड’ म्हणून चढ्या भावाने विकलं जातं. कॉफीत चमचाभर घाला, वजन उतरेल, सकाळी उपाशीपोटी प्या, स्मरणशक्ती टिकेल, थायरॉइडला उत्तम. दुसऱ्या टोकाला, २०१८ साली जर्मनीतल्या फ्रायबुर्ग विद्यापीठातल्या एका प्राध्यापिकेने व्याख्यानात त्याला ‘शुद्ध विष’ म्हटलं आणि तेही जगभर फिरलं. खोबरेल विष नाही आणि औषधही नाही. ते केसांचं आणि त्वचेचं उत्तम तेल आहे आणि जेवणात चवीपुरतं वापरायचं तेल आहे.

कारण त्याच्या घडणीत आहे. खोबरेलात संपृक्त स्निग्धांश (सॅच्युरेटेड फॅट) शेकडा ८२ ते ९० असतो. तुपात तो ६० च्या आसपास, लोण्यात ५० च्या आसपास. एक टेबलस्पून, म्हणजे सुमारे १४ ग्रॅम खोबरेल घेतलं की १२० कॅलरी आणि जवळजवळ १२ ग्रॅम संपृक्त स्निग्धांश पोटात गेला. दिवसाच्या २,००० कॅलरी धरल्या, तर जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्याप्रमाणे संपृक्त स्निग्धांशाची मर्यादा २२ ग्रॅम येते. कॉफीतल्या एका चमच्यातच निम्म्याहून जास्त वाटा संपला. दूध, दही, तूप, पनीर, चीज अजून बाकीच आहे.

२०२० साली १६ चाचण्यांचे आकडे एकत्र करून पाहिले गेले. सूर्यफूल, सोयाबीन, ऑलिव्ह यांसारख्या तेलांऐवजी खोबरेल खाणाऱ्यांचं एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, सरासरी १० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरने जास्त भरलं. चांगलं म्हणतात ते एचडीएलही वाढलं, पण ४ नेच. जाहिरातीत नेमका हा दुसरा आकडा सांगतात. औषधांनी एचडीएल वाढवून पाहिल्यावर हृदयविकाराचे झटके कमी झाले नाहीत, हे मात्र सांगत नाहीत. ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलियात रक्ताचा अहवाल मिलिमोल प्रति लिटरमध्ये मिळतो. तिथे आपल्याकडच्या आकड्याला ३८.७ ने भागा, म्हणजे हे १० तुमच्या अहवालावर ०.२६ दिसतील. भारतातल्या आईवडिलांचे आणि आपले अहवाल शेजारी ठेवून पाहताना हा गुणाकार-भागाकार लक्षात ठेवायला हवा. दक्षिण आशियाई लोकांना हृदयविकार इतरांच्या मानाने लवकर गाठतो, म्हणून चाळिशीच्या आधीच एकदा ही तपासणी करून घ्या.

वजन उतरण्याचा दावा आला तो एमसीटी, म्हणजे मध्यम साखळीच्या स्निग्धाम्लांच्या तेलाच्या प्रयोगांतून. ते प्रयोगशाळेत वेगळं काढलेलं तेल असतं. त्यात कॅप्रिलिक आणि कॅप्रिक ही दोनच स्निग्धाम्लं. आपल्या खोबरेलात ही दोन मिळून शेकडा १५ च्या आसपास असतात. जवळजवळ निम्मा भाग असतो लॉरिक आम्लाचा. नावाला तेही मध्यम साखळीचं, पण शरीरात त्याचा बराचसा भाग इतर चरबीच्याच वाटेने जातो. त्या प्रयोगांचं श्रेय खोबरेलाच्या बरणीला देता येत नाही. विस्मरण, थायरॉइड, मधुमेह यांवर ते औषध आहे याला भक्कम पुरावा नाही. चालू औषधं बंद करून चमचे मोजू नका.

‘कोकणात पिढ्यान् पिढ्या खातात, त्यांना काय झालं?’ हा प्रश्न रास्त आहे. प्रशांत महासागरातल्या टोकेलाऊ आणि पुकापुका बेटांवरच्या लोकांबद्दलही तेच सांगितलं जातं. त्यांच्या आहारात नारळ भरपूर आणि हृदयविकार कमी, हे १९८१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नोंदलेलं आहे. पण ते लोक मासळी आणि कंदांबरोबर अख्खा नारळ खात होते. आणि टोकेलाऊत नारळाचं प्रमाण जास्त, तसं कोलेस्टेरॉलही पुकापुकापेक्षा जास्त होतं. मालवणच्या घरातला खवलेला नारळही तसाच, चोथ्यासकट, बांगड्याच्या किंवा कुळथाच्या सोबतीने आणि दिवसभराच्या चालण्याबरोबर पोटात जात आला. डेस्कवर बसून कॉफीत ढवळलेलं तेल म्हणजे ते जेवण नव्हे.

मग स्वयंपाकात किती? तब्येत ठीक असेल तर माणशी दिवसाला एक टीस्पून, ज्या पदार्थाला त्याचा वास शोभतो तिथेच. एलडीएल वाढलेलं असेल तर रोजचं तेल शेंगदाणा, मोहरी, राइस ब्रान यांपैकी ठेवा आणि खोबरेल आठवड्यातून एखाद्या दिवशी. कमी तेलात जास्त वास हवा असेल तर ते फोडणीत जाळूच नका. गॅस बंद करून कालवणावर अर्धा चमचा कच्चं खोबरेल सोडा आणि पाच मिनिटं झाकण ठेवा. केरळात अवियलवर असंच सोडतात. उडदमेथीला मात्र उडीद आणि मेथ्या खोबरेलातच भाजायला हव्यात, तिथे दुसऱ्या तेलाने ती चव येत नाही.

व्हर्जिन खोबरेल १७५ अंशांच्या आसपास धुरतं. मोहरी तडतडायची वाट पाहता पाहता ते तिथे पोहोचतं आणि फ्लॅटमधला धुराचा अलार्म वाजायला लागतो. त्यामुळे फोडणीला रिफाइंड घ्या किंवा आच मध्यमच्या खाली ठेवा. तळणासाठी व्हर्जिन वापरूच नये. उरलेलं खोबरेल दुसऱ्या तेलात मिसळून तळू नका. खोबरेल आणि इतर तेलांचं मिश्रण तापलं की फेसाळतं आणि कढईबाहेर येतं. शेगडी विजेची असली तरी ते धोक्याचंच.

दुकानात लेबलं पाहून गोंधळ होतो. ‘व्हर्जिन’ म्हणजे ओल्या नारळाचं, वास असलेलं. ‘रिफाइंड’ म्हणजे सुक्या खोबऱ्याचं, वास काढून टाकलेलं. ‘एक्स्ट्रा व्हर्जिन’ला ऑलिव्ह तेलात ठरलेली मोजमापं आहेत, नारळात नाहीत, त्या शब्दासाठी जास्त पैसे देऊ नका. ‘फ्रॅक्शनेटेड’ लिहिलेलं तेल थंडीतही पातळ राहतं, कारण त्यातलं लॉरिक आम्ल काढून टाकलेलं असतं. म्हणजे केसांसाठी जे हवं तेच त्यात नाही. ‘हायड्रोजनेटेड’, म्हणजे प्रक्रिया करून घट्ट केलेलं असेल तर घेऊ नका. भेसळीची शंका असेल तर काचेच्या पेल्यात थोडं तेल घेऊन अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा, फ्रीझरमध्ये नको. सगळं थिजलं तर ठीक. वर पातळ थर तरंगत राहिला तर दुसरं तेल मिसळलेलं आहे.

केसांच्या बाबतीत मात्र खोबरेलाची कीर्ती खरी आहे. मुंबईतल्या संशोधकांनी २००३ साली खोबरेल, सूर्यफूल तेल आणि खनिज तेल यांची तुलना करून दाखवलं, की धुण्याआधी किंवा नंतर लावल्यावर केसातली प्रथिनं झडणं फक्त खोबरेलाने कमी होतं. लॉरिक आम्लाची साखळी आखूड आणि सरळ, म्हणून ते केसाच्या आत शिरतं. ओला केस फुगतो आणि वाळताना आक्रसतो. आतल्या तेलामुळे हे फुगणं कमी होतं. म्हणून तेल धुण्याआधी लावायचं आणि कोरड्या केसांना. खांद्यापर्यंतच्या केसांना दीड टीस्पून, कमरेपर्यंतच्या वेणीला तीन पुरे. मुळांपेक्षा लांबीवर आणि टोकांवर भर द्या. निदान अर्धा तास ठेवा. रात्रभर ठेवलं तर उशीवर जुना अभ्रा घाला. धुताना केस ओले करण्याआधीच शांपू चोळा आणि मग कोमट पाणी घ्या. पाणी आधी घातलं की तेल शांपूला धरू देत नाही आणि तीन-तीनदा धुवावं लागतं.

तेल लावून शून्याखालच्या थंडीत बाहेर पडू नका, केसांवर ते थिजून चिकट राप धरतो. मुलांच्या डोक्याला शुक्रवारी रात्री तेल लावावं आणि शनिवारी धुवावं. वर्गात वासावरून कोणी बोललं तर मूल तेलच नको म्हणायला लागतं, ती वेळ येऊ देऊ नका. कोंडा असेल तर तेलाने तो जात नाही. कोंड्यामागची बुरशी याच जातीच्या स्निग्धाम्लांवर जगते, त्यामुळे तेल रात्रभर ठेवलं तर उलट वाढतो. तेलाने उवांच्या फणीला मदत होते, पण लिखा मरत नाहीत. चेहऱ्यावर मुरुमं येत असतील तर तिथे खोबरेल नको. ऑस्ट्रेलियाच्या उन्हात ते सनस्क्रीनची जागा घेऊ शकत नाही, आणि भाजलेल्या जागेवर तर लावूच नका. तिथे वीस मिनिटं नळाचं गार पाणी.

हिवाळ्यात घर तापवणाऱ्या हीटरने हवा कोरडी होते आणि पोटऱ्या खाजतात. अंघोळीनंतर अंग टिपून, ओलसर असतानाच व्हर्जिन खोबरेलाचा पातळ हात फिरवा. फिलिपिन्समध्ये सौम्य ते मध्यम एक्झिमा (त्वचा कोरडी होऊन खाजण्याचा विकार) असलेल्या मुलांवर आठ आठवडे चाचणी झाली, तिचा निष्कर्ष २०१४ साली आला: खनिज तेलापेक्षा व्हर्जिन खोबरेलाने त्वचा जास्त सुधारली. त्वचा फाटून पाणी येत असेल तर मात्र डॉक्टरच.

बाळाच्या मालिशीला एक ते दोन टीस्पून तेल भरपूर होतं. खोली उबदार करून घ्या आणि तेल आपल्या मनगटावर तपासा. तेलकट बाळ टबात निसटतं, म्हणून उचलण्याआधी ते टॉवेलात गुंडाळा. भारतातून आलेल्या आजी टाळू भरायला सांगतील. दोन थेंब हलक्या बोटाने लावायला हरकत नाही, दाब अजिबात नको. टाळू तेलाने भरत नाही; ती बहुतेक बाळांची दीड वर्षापर्यंत आपोआप भरते. नाकात आणि कानात तेलाचे थेंब घालायला मात्र आजींनाही नम्रपणे नाही म्हणा. नाकातलं तेल फुप्फुसात उतरलं तर न्यूमोनिया होतो. डोक्यावरची खपली मऊ करायला तेल वीस मिनिटं ठेवा आणि धुऊन टाका.

ज्यांना घरी तेल काढायचं आहे त्यांच्यासाठी आवेल, म्हणजे ओल्या नारळाच्या दुधाचं तेल. चार नारळ खवा, किंवा फ्रोझन खोबऱ्याची तीन पाकिटं, सव्वा ते दीड किलो, पूर्ण वितळू द्या. तीन कप गरम पाणी घालून मिक्सरमधून काढा, पंचात घट्ट पिळा, आणखी दीड कप पाणी घालून पुन्हा पिळा. दूध रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा. सकाळी वर घट्ट साय जमते. खालचं पाणी टाका आणि फक्त साय जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर ठेवा. आधी ती फुटते, मग चोथा तळाला बसून तांबूस होऊ लागतो. बुडबुडे थांबले म्हणजे पाणी संपलं, तेव्हाच गॅस बंद करा. चोथा तपकिरी होईपर्यंत थांबलात तर तेलाला जळका वास येतो. लवकर उतरवलंत तर पाणी राहतं आणि महिन्याभरात तेल साबणासारखं लागतं, कारण पाण्यामुळे लॉरिक आम्ल सुटं होतं. कोरड्या फडक्यातून गाळा. दीडशे ते दोनशे मिलिलिटर तेल निघेल. डब्यातलं नारळाचं दूध वापरणार असाल तर घटक वाचा. ग्वार गम किंवा पॉलिसॉर्बेट हे दूध एकजीव ठेवणारे पदार्थ असतील तर ते नीट फुटत नाही.

मुलाच्या डब्यात खोबरं घालण्याआधी शाळेचा ‘नट-फ्री’ नियम विचारा. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने जानेवारी २०२५ मध्ये नारळाला ॲलर्जीच्या नट-यादीतून वगळलं, पण शाळांचे स्वतःचे नियम वेगळे असू शकतात.

भारतातून येताना तेलाची बाटली चेक-इन सामानात दोन पिशव्यांत बांधा. थिजलेली असली तरी हातातल्या सामानात १०० मिलिलिटरचाच नियम. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या मात्र सामानात घालू नका. सुकं खोबरं आपोआप तापून पेट घेऊ शकणाऱ्या मालात मोडतं आणि विमानतळावर बॅग उघडून ते काढून घेतात.

आणि सिंकमध्ये तेल ओतू नका. गरम पाण्याबरोबर ते खाली जातं आणि थंड पाइपात पोहोचलं की थिजतं. सकाळी तेलाच्या गुळण्या करणाऱ्यांनीही बेसिनमध्ये थुंकू नये, कागदात थुंकून कचऱ्यात टाकावं. आणि गुळण्या केल्या म्हणून ब्रश चुकवू नये. कढई आधी कागदाने पुसा, मग धुवा. तेलकट टॉवेल गरम पाण्यात साबणाने दोनदा धुवा आणि वास राहिला असेल तर ड्रायरमध्ये न टाकता दोरीवर वाळवा. तेल मुरलेलं कापड ड्रायरच्या उष्णतेत पेट घेऊ शकतं.