दहा दिवसांचं वासरू पिवळं, पाण्यासारखं हगतंय. दूध बंद करून जुलाब थांबवायची गोळी द्यावी का?

दूध बंद करू नका. अंगात ऊब ठेवायला आणि आतडं भरून यायला वासराला दुसरा आधारच नसतो. जुलाब थांबवायच्या गोळीमागेही धावू नका. मी इतकी वर्षं वासरं वाढवतोय. हगवणीत वासरू जातं ते बहुतेकदा अंगातलं पाणी आणि क्षार निघून गेल्यामुळे.

म्हणून आधी किती पाणी गेलंय ते बघा. मानेवरची कातडी चिमटीत धरून सोडा. लगेच जागेवर बसली तर बरं. दोन सेकंदांहून जास्त वेळ घडी राहिली आणि डोळे खोल गेले असतील तर पाणी बरंच गेलंय. मग स्वच्छ बोट तोंडात घाला. जोरात चोखत असेल तर पाजून भागेल. चोखत नसेल, तोंड आतून गार लागत असेल किंवा वासरू उभंच राहत नसेल तर आत्ताच डॉक्टरांना बोलवा, त्याला शिरेतून सलाईन लागेल. अशा वासराला बळजबरीनं काही पाजू नका, ते फुप्फुसात जातं.

पाजायला वासरांची इलेक्ट्रोलाइट (क्षारांची) पावडर घ्या आणि पाकिटावरच्या मापानं कोमट पाण्यात कालवा. 30 किलोच्या वासराच्या वजनातलं 8 टक्के पाणी गेलं, तर तूट जवळजवळ अडीच लिटरची होते. शिवाय हगवण चालूच असते. त्यामुळे एका वेळी एक-दीड लिटर, दिवसातून तीन-चार वेळा द्यावं लागतं. दूध नेहमीच्या वेळी द्या, दोन्हींत दोन तासांचं अंतर ठेवा. पावडर हाती येईपर्यंत माणसांचं ओआरएस चालेल. मीठ-साखरेचं पाणी मात्र नको. घरातली साखर पचवणारं विकर वासराच्या आतड्यात नसतं. न पचलेली साखर आतड्यात पाणी ओढते आणि हगवण आणखी वाढते. ओआरएसमधलं ग्लुकोज मात्र थेट शोषलं जातं.

या वयाची हगवण बरेचदा रोटा किंवा कोरोना विषाणूची, नाहीतर क्रिप्टोस्पोरिडियम या सूक्ष्म परजीवीची असते. तिथे नेहमीची प्रतिजैविकं काही करत नाहीत. ताप 103 अंश फॅरनहाइटच्या वर गेला, शेणात रक्त दिसलं किंवा वासरू मलूल पडलं तर प्रतिजैविकाचा निर्णय डॉक्टरांवर सोडा. क्रिप्टोस्पोरिडियम माणसालाही होतो, तेव्हा हात साबणानं धुवा आणि लहान मुलांना दूर ठेवा. (म्हशीचं रेडकू असेल तर जंतही डोक्यात ठेवा, ते आईच्या दुधातूनच येतात.)

पुढच्या वेतासाठी सगळ्यात मोठी गोष्ट चीक. गायीच्या वारेतून रोगप्रतिकारक द्रव्यं वासराकडे जात नाहीत, ती फक्त चिकातून मिळतात, आणि ती शोषून घेण्याची आतड्याची ताकद दर तासाला घटत 24 तासांत संपते. वजनाच्या दहाव्या हिश्श्याएवढा चीक पाजायचा, त्यातला निम्मा पहिल्या दोन तासांत आणि उरलेला बारा तासांच्या आत. वार पडेपर्यंत थांबायचं काहीच कारण नाही. गाभण गायीला शेवटच्या महिन्यांत रोटा, कोरोना आणि ई. कोलाय या जिवाणूची लस टोचली तर चीक आणखी कामाचा होतो. लसीची वेळ डॉक्टरांना विचारा.

बाकी गोठा कोरडा ठेवा, बेंबीला टिंक्चर आयोडीन लावा. आजारी वासरू आजच वेगळं बांधा, त्याचं भांडं वेगळं ठेवा आणि त्याला सगळ्यात शेवटी पाजा. उद्या ते उड्या मारायला लागलं तरी शेण घट्ट होईपर्यंत इलेक्ट्रोलाइट चालूच ठेवा.