पाटल्यांची पावती

‘धंदा करायचाय, पण घरचे साथ देत नाहीत. काय करू?’ ठाण्यात नौपाड्यातल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत हा प्रश्न महिन्यातून दोनदा तरी येतोच. त्यातल्याच एकाची गोष्ट, त्याच्या परवानगीने आणि तपशील बदलून.

वय छत्तीस, राहायला कळव्याला, नोकरी महापेला. रबाळ्याच्या एमआयडीसीत मित्राबरोबर गाळा घेऊन दोन मशिनींवर जॉबवर्क, म्हणजे दुसऱ्या कंपन्यांचं काम मजुरीवर, करायचं डोक्यात होतं. “मॅडम, जन्मभर दुसऱ्याच्या एक्सेल शीटच भरत बसू का? हिला तर रिस्क म्हटलं की धडकी भरते. म्हणून मराठी माणूस मागे राहतो.” हे शेवटचं वाक्य ऐकलं की मी जरा सावध होते. धंदा उभा राहायच्या आधीच खापर कुणाच्या डोक्यावर फोडायचं ते ठरलेलं असतं.

पुढच्या वेळी बायकोला घेऊन या म्हटलं, हिशेबाची वहीही आणा.

वही नीटनेटकी होती. मशिनींचे हप्ते, गाळ्याचं डिपॉझिट, वीजबिल, कारागिराचा पगार. घरखर्चाची ओळ मात्र कुठेच नाही. आणि माल दिला की महिन्यात पैसे येणार, असं धरलेलं. सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे फार तर ४५ दिवसांत द्यायचे, असा २००६ सालचा कायदा आहे. त्यासाठी उद्यम नोंदणी लागते, ती फुकट होते, करावीच. पण गिऱ्हाईक तुटेल या भीतीने छोटा गाळेवाला तक्रार करायला धजावत नाही, आणि बिल तीन-तीन महिने लटकतं. “तोवर घरात दूध कशावर येणार?” मी विचारलं. उत्तर शोधायला त्याने पानं उलटली, तर मधून एक घडी केलेला कागद खाली पडला.

बायकोने उचलला. सोनेतारण कर्जाची पावती. दोन पाटल्या, एक मोहनमाळ. तिने वजनाचा आकडा वाचला आणि म्हणाली, “आईच्या पाटल्या आहेत ह्या.”

“सहा महिन्यांत सोडवणारच होतो गं,” तो म्हणाला.

मी सहसा कुणाला फैलावर घेत नाही. त्या दिवशी घेतलं. स्त्रीधनावर नवऱ्याची मालकी नसते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ सालीच स्पष्ट केलंय. पण कायदा राहू द्या. ‘साथ देत नाही’ म्हणून जिची तक्रार करत होता, तिचेच पैसे धंद्यात सगळ्यात आधी लागले होते, तेही तिला न विचारता. उद्या भागीदाराला, कारागिराला असंच ‘नंतर सांगू’ म्हणणार का?

बराच वेळ कुणी बोललं नाही. मग तीच म्हणाली, “मला धंद्याची भीती नव्हती हो. हा रात्री फोन घेऊन गॅलरीत जायचा ना, त्याची होती.”

बाकीचं तासाभरात ठरलं. दागिने सुटून सहा महिन्यांचा घरखर्च वेगळ्या खात्यात पडेपर्यंत राजीनामा नाही. राहता फ्लॅट तारण ठेवायचा नाही. शनिवार-रविवारी गाळ्यावर काम शिकायचं. मात्र नोकरीच्या करारात बाहेरच्या कामाला मनाई नाही ना, हे आधी वाचायचं.

याला आठ महिने झाले. गेल्या आठवड्यात दोघं येऊन गेले. वही आता तिच्या पर्समध्ये असते. पहिल्या पानावर तिच्या अक्षरात दूध, शाळेची फी, सासूबाईंची औषधं. पाटल्या सुटल्यात, मोहनमाळ अजून बाकी आहे.